गल्लीला एक फेरी

सोमवार, २ फेब्रुवारी

आज दादाने सायकल दुरुस्तीच्या दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. अशा प्रसंगी तो दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "शटर डावीकडून उचल, उजवीकडून अडकतं." मी उजवीकडून उचललं. अडकलं. समोरचे टेलरमास्तर मशीन सोडून आले, त्यांनी एक लाथ मारली आणि ते वर गेलं. माझी दुकानदारी अशी सुरू झाली.

वजनमापे खात्यात असताना रोज अहवाल लिहावा लागे. ती सवय सुटत नाही, म्हणून ही डायरी. मागच्या महिन्यात दादा छताला टांगलेला टायर काढायला स्टुलावर चढला आणि खुब्यावर पडला. ऑपरेशन झालं. हाड जुळतंय, पण सायकलवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मला बायकोपोरं नाहीत आणि ऑफिसात माझ्यावाचून काही अडत नव्हतं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला, तो इतक्या चटकन मंजूर झाला की थोडं वाईटच वाटलं.

दादा आणि वहिनी दुकानामागच्या खोलीत राहतात. मध्ये फक्त पडदा. दादा दिवसभर पडद्याआड खुर्चीत बसून असतो. मी माडीवर. दुकानाचा करार आता संपतोय आणि जागेच्या मालकाला तिथे मोबाइलचं दुकान हवंय. दादाने त्याला महिनाअखेरची मुदत मागितली आहे. म्हणजे महिनाभर तो माझं काम बघणार आणि मग हो किंवा नाही कळवणार. दादाचा सगळा जन्म या दुकानात गेला. ते माझ्या हाती येऊन बंद पडलं, तर त्याच्यासमोर उभं राहायची सोय उरणार नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काम मला जमतंय. चाकाची आउट काढणं म्हणजे स्पोक ताणून आणि सैल करून वाकडं फिरणारं चाक सरळ करणं. ते मी दादापेक्षा बारकाईने करतो असं माझं मत आहे. दादा नजरेने बघायचा, मी पट्टी लावतो. बेअरिंगचे छर्रे, ब्रेकचे रबर, पंक्चर, कशातही खोट निघणार नाही. अडचण एकच आहे. दादाचा नेम आहे की दुरुस्त केलेली सायकल गल्लीला एक फेरी मारून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आणि मला सायकल येत नाही.

ही माझी खासगी डायरी आहे, म्हणून लिहिलं. दादाला हे माहीत नाही. लहानपणी माहीत होतं, कारण शाळेत, कॉलेजात, अगदी नोकरीच्या पहिल्या दिवशीही मी त्याच्या मागे डबलसीट बसून गेलो. इतका चांगला भाऊ असला की शिकायची वेळच येत नाही. पुढे बदलीच्या गावाहून मी एकदा फोनवर सहज म्हणालो, शिकलो मी सायकल. दादा इतका खूश झाला की त्याने एक कोरी सायकल ट्रकने पाठवून दिली. ती माझ्या खोलीत बारा महिने उभी असायची. तिच्यावर टॉवेल फार छान वाळायचे. काही वर्षांनी बदली होऊन परत आलो तेव्हा दादाने तिच्या टायरवरून बराच वेळ हात फिरवला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते तसेच होते. इतकी वर्षं वापरून कुणी सायकल अशी ठेवत नाही. दादा बघतच राहिला.

तर मी तोडगा काढलाय. सायकल हातात धरून ढकलत न्यायची, औषधांच्या दुकानामागे वळायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत यायचं. दोष काय, ढकलतानाही कळतात. उलट जास्तच कळतात, कारण आपण पडण्याच्या काळजीत नसतो.

आज पहिली सायकल अशी फिरवून आणली. जाता-येता फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचा, आवाज एकसारखा येत होता, टिक टिक टिक टिक, कुठे खंड नाही. आत गेल्यावर दादाने विचारलं, "मारलीस फेरी?"

"मारली."

"हं. आवाज आला," तो म्हणाला.

पडद्याआडूनही त्याचं कामाकडे लक्ष असतं. मला बरं वाटलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

टेलरमास्तरांबद्दल लिहायलाच हवं. माणूस वाईट नाही, पण फुकट्या आहे. मी सायकल दुरुस्त करून स्टँडला लावली रे लावली की हे गळ्यात टेप अडकवून हजर. "जरा बटणं घेऊन येतो, द्या पाच मिनिटं." काल दोरा. परवा अस्तर. गिऱ्हाइकाच्या सायकलवर बसून हे गल्लीत भटकणार आणि मी बघत राहायचं. मी काही बोलायच्या आत पडद्याआडून दादाचा आवाज येतो, "दे रे, लगेच आणतील."

शिवाय परत आल्यावर शेरे. "मागचा ब्रेक उशिरा लागतोय हो." "सीट उजवीकडे सरकतेय." यांना कोणी विचारलंय? मी त्यांना कधी शर्टाच्या कॉलरबद्दल बोललोय का? तपासल्यावर दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, पण तो योगायोग.

रात्री जेवताना मी दादाकडे तक्रार केली. दादा ताटातच बघत राहिला. वहिनींना ठसका लागला, त्यांना पाणी दिलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

गिऱ्हाईक वाढतंय. आज सकाळी चार सायकली रांगेत होत्या. दादाने कुबडीवर दुकानात येऊन मी सरळ केलेलं चाक फिरवून पाहिलं. बोटाच्या नखाला रिम कुठे लागते का ते बघत होता. लागली नाही. "बरं झालंय," म्हणाला. दादाच्या तोंडी हा शब्द म्हणजे सत्कारच. मला वाटतं, मालकाला हो म्हणून कळवायचं त्याच्या मनात यायला लागलंय.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज एक प्रश्न कायमचा निकालात काढला.

हॉस्पिटलातल्या सिस्टर सकाळी ड्यूटीवरून आल्या आणि सायकल ठेवून घरी झोपायला गेल्या. चेन इतकी सैल झाली होती की मडगार्डला लागत होती. मी नवी चेन चढवली. फ्रीव्हील जुनंच ठेवलं, कारण ते सुरेख फिरत होतं आणि चांगलं काढून टाकायचं हे मला खात्यातही कधी पटलं नाही. स्टँडवर पॅडल हाताने फिरवून पाहिलं. लोण्यासारखं. मग नेहमीची फेरी. आवाज एकदम नियमित.

दुपारी दादा गोळी घेऊन झोपला होता. टेलरमास्तर आले. "बटणं संपली." त्यांच्या टेबलावरची बटणांची बरणी गळ्यापर्यंत भरलेली मला इथून दिसत होती. मी म्हणालो, "मास्तर, ही सायकल गिऱ्हाइकाची आहे. तुम्हाला फिरायची हौस असेल तर स्वतःची घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने सिस्टर आल्या आणि रात्रपाळीला जायचं म्हणून सायकल घेऊन गेल्या.

दादा उठल्यावर त्याने विचारलं, "मास्तर येऊन गेले?"

"आले होते. वाटेला लावले."

"आणि सिस्टर?"

"सायकल घेऊन गेल्या की."

दादा कुबडी शोधायला लागला. एवढ्या घाईने उठू नका म्हणून वहिनी रागावल्या. बहुधा त्याला बाथरूमला जायचं असावं. संध्याकाळभर तो दाराकडे बघत होता.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सिस्टर पडल्या. हॉस्पिटलच्या अलीकडे चढ आहे. तिथे त्या उभ्या राहून पॅडलवर जोर द्यायला गेल्या आणि चेन दातांवरून सटकली. पॅडल रिकामं फिरलं, त्या हँडलवरून पुढे गेल्या. उजवं मनगट मोडलंय. आज त्या प्लास्टर घालून आल्या, सायकल त्यांचा भाऊ ढकलत होता.

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या दारातच पडले, तेवढी सोय झाली." मग विचारलं, "तुम्ही फेरी मारून बघितली होती ना?"

मी म्हणालो, "हो."

तेवढ्यात पडदा सरकला. दादा कुबडीवर उभा होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "जुन्या फ्रीव्हीलचे दाते झिजलेले असतात, त्यावर नवी चेन बसत नाही. पायाचा जोर आला की सटकते. हा बदलू म्हणत होता, मीच राहू दे म्हणालो. वय झालं माझं."

दादाने त्यांना सायकल ठेवून जायला सांगितलं.

मी बदलू म्हणालो नव्हतो. दादाने राहू दे म्हटलं नव्हतं. हा विषयच आमच्यात निघाला नव्हता. मला सिस्टरांचं वाईट वाटतंय, त्यांचा उजवा हात गेला काही आठवडे. पण त्याहून मोठी काळजी आता दादाची आहे. त्याची स्मरणशक्ती चालली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दादाची परीक्षा घेतली, त्याला कळणार नाही अशा बेताने. आज वार कोणता? बरोबर सांगितला. जेवायला काय होतं? बरोबर. "दादा, मी कोण?" असं हसत हसत विचारलं.

"माझा धाकटा भाऊ," दादा म्हणाला. "जरा बावळट आहे, पण हात चांगला आहे."

म्हणजे जुन्या गोष्टी शाबूत आहेत, ताज्या निसटतायत. असं होतं म्हणे.

दुपारपासून एकही गिऱ्हाईक आलं नाही. संध्याकाळी मालकाचा फोन आला, दादाच बोलला. "दोन तारखेला या, सांगतो," एवढंच ऐकू आलं. आवाज काही चांगला वाटला नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दादा झोपलेला बघून मी वहिनींना विचारलं, त्याला हल्ली आणखी काय काय विसरायला होतं. त्या भांडी पुसत होत्या. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, बसा."

मी बसलो.

"सायकलवर बसून पॅडल मारलं की फ्रीव्हील वाजत नाही. ढकलत नेली की वाजतं. मी या घरात आले त्या वर्षी मला हे कळलं, तुम्ही तर आता दुकानदार आहात. तुम्ही पहिल्या दिवशी सायकल घेऊन गेलात आणि जाईपर्यंत टिकटिक, येईपर्यंत टिकटिक. आत बसून आम्हाला दोघांना सगळं ऐकू येत होतं."

मी म्हणालो, उतारावर पॅडल थांबवलं तरी वाजतंच की.

"आपल्या गल्लीला उतार कुठाय?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. टेलरमास्तरांना दादानेच गळ घातली होती. बटणं, दोरा, अस्तर, सगळी सोंगं. मास्तर फेरी मारून यायचे, काय चुकलंय ते मला ऐकू जाईल असं बोलायचे आणि मी ते ठीक करायचो. टॉवेल वाळवायच्या सायकलचंही त्यांनी काढलं. टायरचे केस शाबूत बघून दादा त्या रात्री हसला होता आणि वहिनींना म्हणाला होता, राहू दे, त्याला बोलू नकोस. इतकी वर्षं त्याने बोलू दिलं नाही.

"आणि विसरत नाहीत ते काही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी खोटं बोलले. जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलले."

मी माडीवर आलो. लाज वाटतेय, दुसरा शब्द नाही. मी वजनात मारणाऱ्या दुकानदारांचे चेहरे बघितलेत. पकडले गेल्यावर ते आधी काट्याला दोष देतात. मी तर काट्याची स्मरणशक्ती तपासत होतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सिस्टरांच्या घरी गेलो. त्या डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या करत होत्या, सगळ्या तिरक्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मला सायकल येत नाही, फेरी मारली नव्हती, फ्रीव्हील ठेवायचा निर्णय माझा होता, दादाचा नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्हाला येत नाही ते माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. औषधांच्या दुकानामागे आमचा कंपाउंडर राहतो. पण मग त्या दिवशी मास्तर कुठे होते?"

"मी त्यांना हाकललं."

सिस्टरांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. "हाकललंत," त्या म्हणाल्या. "बरं." मी आणखी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत रोज ड्यूटीला रिक्षाने जावं लागणार. रिक्षावाला वेळेवर येत नाही. त्याला तुम्ही आणून सोडायचं, रोज, दाराशी." मी हो म्हणालो. हे मला माफीपेक्षा परवडणारं वाटलं.

रविवार, २२ फेब्रुवारी

दुकान बंद. दादासमोर जाऊन बसलो आणि तेच सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "कळलं ते. तुझ्या वहिनीने सांगितलंय तुला कळल्याचं."

या घरात पडदा कशाला लावलाय कोण जाणे.

"तुला येत नाही म्हणून मला राग नाही," दादा म्हणाला. "तू सांगितलं नाहीस. आज सिस्टर पडल्या, उद्या एखादं पोर पडेल. मी मालकाला नाही म्हणून सांगणार आहे."

मी म्हणालो, "तूही मला सांगितलं नाहीस की."

"मी कोणत्या तोंडाने सांगू? तू माझ्यासाठी नोकरी सोडून आलास. आल्या आल्या म्हणू, तुझा उपयोग नाही?"

मला रडू आलं. या वयात भावासमोर रडताना नाक कशाला पुसावं ते कळत नाही, मी त्याच्या पंच्यालाच पुसलं. तो म्हणाला, "धुवायला टाक आता तो." मग म्हणाला, "मास्तरांची माफी माग. आणि शिक. पुढच्या रविवारी मी मैदानावर येऊन बघेन. मालकाला काय सांगायचं ते त्यानंतर."

समोर गेलो. मास्तर शर्टाला काज करत होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "उद्यापासून पहाटे. सीट खाली करून ठेवा, दोन्ही पाय टेकले पाहिजेत." आणि बरणीतलं एक बटण मला दिलं. "ठेवा, आठवण म्हणून."

बुधवार, २५ फेब्रुवारी

गुडघा, कोपर, पुन्हा तोच गुडघा. मास्तर कॅरिअर धरून मागे पळतात आणि सारखं सांगतात, खाली बघू नका, समोर बघा. समोर बघितलं की खाली काय चाललंय ते कळत नाही. सांगायला सोपं आहे.

दिवसा गिऱ्हाइकांना सांगतो, फेरी मास्तर मारतात, मला येत नाही. एकही जण आश्चर्य दाखवत नाही. हेच जास्त लागतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

काल मास्तरांनी मध्येच कॅरिअर सोडलं आणि मला सांगितलं नाही. मी एकटाच काही अंतर गेलो. कळल्याबरोबर पडलो. पण गेलो होतो.

रात्री दादाने विचारलं, कसं चाललंय. मी म्हणालो, "वाईट." पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं, त्यामुळे दोघंही जरा अवघडलो.

रविवार, १ मार्च

सकाळी रिक्षातून दादा, वहिनी आणि घरातली खुर्ची शाळेमागच्या मैदानावर आली. सिस्टरही आल्या, कशाला ते त्यांनी सांगितलं नाही. सायकल त्यांचीच होती, नव्या फ्रीव्हीलची. तीच घे असं दादाने सांगितलं होतं.

मैदान रिकामं होतं. त्यात एकच गोष्ट उभी होती, फुटबॉलचा एक खांब. दुसरा कधीच पडलाय. मास्तरांनी थोडा धक्का दिला आणि सोडलं. मी गेलो. खरंच गेलो, हँडल सरळ, पॅडल फिरतंय, आवाज नाही. दादाच्या खुर्चीसमोरून जाताना त्याच्याकडे बघावंसं फार वाटलं, पण मी समोर बघितलं. समोर खांब होता. इतक्या मोठ्या मैदानात त्याच्याकडे जायचं काहीच कारण नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होतो म्हणून सायकल त्याच्याकडे जात होती, आणि सायकल जात होती म्हणून मी जास्तच बघत होतो. मास्तर मागून ओरडत होते, ब्रेक, ब्रेक. ब्रेक मीच दुरुस्त केले होते, उत्तम होते. ते दाबायचे असतात हे त्या वेळी आठवलं नाही.

खांबाला धडकून मी पाठीवर पडलो, सायकल माझ्यावर. डोळे मिटले आणि मनात आलं, संपलं, दुकान गेलं. उद्या मालक येणार आणि दादा नाही सांगणार. तोंड कसं वर करू, म्हणून मी डोळे मिटूनच राहिलो.

मग एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं दादाला काही झालं. मग कळलं तो हसतोय. खुब्यावर पडल्यापासून तो हसलेला मी ऐकला नव्हता, आणि असा तर फार फार वर्षांत नाही. श्वास लागत होता, वहिनी "अहो, हाड दुखेल" म्हणत त्याला धरत होत्या आणि स्वतःही हसत होत्या. सिस्टर डाव्या हाताने डोळे पुसत होत्या. "चालवली की त्याने. उद्या मालकाला हो म्हणून सांगू," दादा मध्येच म्हणाला, "अगं, त्या एका खांबाला," आणि पुन्हा सुरू झाला.

मास्तर धावत आले. "लागलं का? उठा." मला पाठीत चांगलंच लागलं होतं, पण उठता येत होतं. मी त्यांना हाताने थांबा म्हणालो. दादाचं हसणं अजून संपलं नव्हतं, म्हणून मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो.